गिटारचा स्पीकर : एका ‘सदोष’ यंत्राची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने एक जुना गिटार-अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला. व्हॉल्व्हचा, पंधरा वॅटचा, लाकडी खोक्यात एकच बारा इंची स्पीकर असलेला. महिनाभरात स्पीकर मुका झाला. मीटर लावून पाहिले तर आतली तारेची गुंडाळी जळून तुटलेली. कॉलेजचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. “मामा, तू भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलीस ना? मग नवा स्पीकर कोणता बसवायचा ते सांग,” असे तिने फर्मावले.

मी माहितीपत्रके वाचली, आलेख पाहिले आणि एक निवड केली. ज्याचा आलेख सर्वांत सपाट, म्हणजे खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सर्व कंप्रता जो सारख्याच तीव्रतेने ऐकवतो, असा घरगुती संगीतासाठीचा उत्तम संच. मापनाच्या दृष्टीने त्यात खोट नव्हती. कार्यक्रमात मात्र भाचीची गिटार ढोलाच्या आवाजापुढे कुणाला ऐकूच आली नाही. आणि तिने आवाज वाढवला तेव्हा डब्यात माश्या कोंडाव्यात तशी कर्कश भणभण सभागृहात भरली. घरी परतताना ती काही बोलली नाही. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले.

मी कुठे चुकलो? हे शोधताना मला शंभर वर्षे मागे जावे लागले. स्पीकरच्या पाठीवर छापलेला प्रत्येक आकडा इतिहासाच्या कोणत्या तरी टप्प्यावर तिथे आलेला आहे. तो इतिहास ठाऊक नसेल तर आकडे वाचता येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

गुंडाळी, चुंबक आणि कागद

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून विद्युतप्रवाह गेला की तारेवर बल लागते, हे आपण दहावीच्या वर्गात शिकवतो. स्पीकरचे सारे काम या एका वाक्यावर चालते. वर्तुळाकार फटीत चुंबकीय क्षेत्र, त्यात हलकी गुंडाळी, गुंडाळीला चिकटवलेला कागदी शंकू. प्रवाह मागे-पुढे झाला की शंकू मागे-पुढे होतो आणि हवा हलवतो.

अशा फिरत्या गुंडाळीची रचना जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्येच पेटंटमध्ये मांडली होती. १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनीही तशीच कल्पना मांडली. पण गुंडाळी जोराने हलवायची तर भरपूर विद्युतशक्ती हवी, आणि क्षीण संकेत मोठा करणारे साधन तेव्हा नव्हते. ली डी फॉरेस्ट यांचा तीन अग्रांचा व्हॉल्व्ह १९०६ चा. त्यानंतरच या कल्पनेला बळ मिळाले.

१९१५ मध्ये कॅलिफोर्नियातील नापा येथे पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी फिरत्या गुंडाळीला मोठा कर्णा जोडून आवाज दूरवर पोहोचवला. आपल्या यंत्राला त्यांनी ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘महान आवाज’, असे नाव दिले. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सान डिएगो येथे अशाच यंत्रणेवरून हजारो लोकांसमोर भाषण केले. जेन्सन हे नाव लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

कर्णा मात्र आवाजाला स्वतःचा रंग देतो. गावच्या जत्रेतला कर्णा आठवला की हे सांगावे लागत नाही. कर्ण्याशिवाय काम भागेल का, हा प्रश्न जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हाती घेतला. १९२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध आजच्या स्पीकरचा पाया मानला जातो. त्यांची युक्ती अशी. लहान शंकूने हवा हलवणे खालच्या स्वरांना अवघड आणि वरच्या स्वरांना सोपे असते. उलट, वजन असलेला शंकू जसजसा वेगाने कंप पावू लागतो तसतशी त्याची चाल मंदावते. शंकूची स्वाभाविक कंप्रता, म्हणजे अनुनादाची कंप्रता, मुद्दाम खाली ठेवली तर तिच्यावरच्या स्वरांसाठी हे दोन परिणाम एकमेकांना नेमके छेदतात आणि आवाज बराचसा समान मिळतो. एक तोटा दुसऱ्या तोट्याने भागवण्याची ही सुंदर कल्पना आहे. तिच्यावर आधारलेला स्पीकर १९२६ मध्ये रेडिओला १०४ या नावाने बाजारात आला.

राइस आणि केलॉग यांचे ध्येय स्पष्ट होते : मूळ आवाज जसा असेल तसा ऐकू यावा. माझ्याही डोक्यात तेच ध्येय होते. घोटाळा तिथेच होता.

रेडिओच्या दुकानातून

विजेवर चालणारी गिटार १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. वाद्यवृंदात तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे साध्या गिटारचा आवाज बुडून जाई, म्हणून तारांखाली चुंबक आणि गुंडाळी बसवून संकेत घ्यायचा आणि तो मोठा करायचा. मोठा करायला वेगळे यंत्र कुठून आणणार? जे रेडिओत होते तेच व्हॉल्व्ह, तेच ट्रान्सफॉर्मर आणि तेच स्पीकर वापरले गेले. लिओ फेंडर यांचे नाव आज गिटारशी जोडलेले असले, तरी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी त्यांनी उघडले ते रेडिओ-दुरुस्तीचे दुकान होते.

फेंडर यांच्या १९५० च्या दशकातील अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जेन्सन कंपनीचे स्पीकर असत. मॅग्नाव्हॉक्सचे जेन्सन यांनीच ही कंपनी १९२७ मध्ये काढली होती. तिच्या स्पीकरच्या क्रमांकांत एक छोटा इतिहास दडला आहे. क्रमांकाचे पहिले अक्षर ‘एफ’ असेल तर विद्युतचुंबक, ‘पी’ असेल तर अल्निको धातूचा कायम चुंबक, ‘सी’ असेल तर सिरॅमिक चुंबक. पुढचा आकडा व्यासाचा, इंचांत.

पहिल्या पिढीला विद्युतचुंबक लागे, कारण पुरेसे बलवान कायम चुंबक नव्हते. १९३१ मध्ये जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा कणखर चुंबक बनवला. पुढे त्यात कोबाल्ट मिसळून अल्निको तयार झाले. त्याच्या सर्वपरिचित प्रकारात सुमारे २४ टक्के कोबाल्ट असते. १९५२ च्या सुमारास हॉलंडमधील फिलिप्सच्या शास्त्रज्ञांनी लोखंडाचा गंज आणि बेरियमचे संयुग भट्टीत भाजून फेराइट चुंबक केला. तो आकाराने मोठा लागतो, पण महाग धातू मुळीच लागत नाही. १९६० च्या दशकात गिटारच्या स्पीकरमध्येही तो शिरला. १९७८ मध्ये तेव्हाच्या झैरे देशातील शाबा प्रांतात, म्हणजे जगाला मोठ्या प्रमाणावर कोबाल्ट पुरवणाऱ्या खाणींच्या प्रदेशात, युद्ध भडकले आणि कोबाल्टच्या किमती कडाडल्या. अनेक उत्पादकांनी मग अल्निको सोडून फेराइट धरले. आफ्रिकेतल्या खाणींचा आणि गिटारच्या आवाजाचा संबंध असा आहे. भूगोलाच्या शिक्षकांनाही तो उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये अशीच गोष्ट सेलेस्टियन या १९२४ पासूनच्या कंपनीची. व्हॉक्सच्या तीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिचे पंधरा वॅटचे दोन निळे स्पीकर असत. हिशेब अगदी काठोकाठ. १९६२ मध्ये लंडनमधील हॅनवेल भागातले ढोलवादक आणि दुकानदार जिम मार्शल यांच्याकडे फेंडरच्या एका नमुन्यावरून नवा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. चार बारा इंची सेलेस्टियन असलेली मार्शलची बंद पेटी पुढे रॉक संगीताची खूणच बनली.

दोन वाटा

घरगुती संगीताची वाट १९५४ च्या सुमारास वेगळी झाली. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी लहान, हवाबंद पेटीत जड आणि सैल शंकू बसवला. खालचे स्वर खोल आणि स्वच्छ मिळाले, पण किंमत मोजावी लागली ती कार्यक्षमतेची. जड शंकू हलवायला शक्ती फार लागते. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले, तेव्हा ही किंमत कुणाला जाणवेनाशी झाली.

गिटारचा स्पीकर मात्र जुन्याच वाटेवर राहिला. पातळ कागदाचा हलका शंकू, ताठ कडा, हलकी गुंडाळी. थोड्या शक्तीत मोठा आवाज. किती मोठा, ते पाहू. स्पीकरला एक वॅट शक्ती देऊन एक मीटरवर आवाज मोजतात. त्याला संवेदनक्षमता म्हणतात. गिटारच्या बारा इंची स्पीकरची ती साधारण ९७ ते १०० डेसिबल असते. मी निवडलेल्या संचाची होती ८८. फरक दहाचा, म्हणजे किरकोळ, असे मला वाटले होते. पण डेसिबलचे कोष्टक लॉगॅरिदमचे आहे. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, दहा डेसिबल म्हणजे दहापट. ९८ डेसिबलचा स्पीकर विद्युतशक्तीपैकी सुमारे ४ टक्के ध्वनीत बदलतो, ८८ चा केवळ ०.४ टक्का. भाचीच्या पंधरा वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा मी एका फटक्यात दीड वॅटचा करून टाकला होता!

उपयोगी दोष

आता भणभणीचे कोडे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की लाटेचे माथे कापले जातात. असे माथे कापलेल्या लाटेत मूळ कंप्रतेच्या पटीतले नवे स्वर निर्माण होतात. समजा, मूळ स्वर ४४० हर्ट्झचा आहे. त्याच्या विषम पटी १३२०, २२००, ३०८०, ३९६०, ४८४०, ५७२० अशा वर चढत जातात. पहिल्या काही पटी आवाजाला भरीवपणा देतात. त्यापुढच्या कानाला टोचतात.

गिटारच्या स्पीकरचा आलेख ५००० हर्ट्झच्या सुमारास कड्यासारखा कोसळतो. कारण त्याचा शंकू मोठा आणि पातळ आहे. खालच्या स्वरांना तो एकसंध हलतो. हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरू लागतात. त्यामुळे दोन ते चार हजारांच्या दरम्यान आलेखाला उंचवटे येतात आणि मग तो खाली जातो. राइस आणि केलॉग यांच्या ध्येयानुसार हा ढळढळीत दोष आहे. पण गिटारवादकाला त्यातून एक फुकटची गाळणी मिळते. टोचणारे स्वर ती अडवते आणि मधल्या उंचवट्याने गिटार वाद्यवृंदात उठून दिसते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा असल्याने फार खोल जायचीही गरज नसते.

माझ्या सपाट संचात उंच स्वरांसाठी वेगळा छोटा स्पीकर होता. गाळणी नव्हतीच. कापलेल्या लाटेतला प्रत्येक काटा त्याने इमानेइतबारे सभागृहात पोहोचवला.

हे वादकांनी अभियंत्यांच्या आधी ओळखले होते. १९६४ मध्ये ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यासाठी किंक्स या इंग्लिश चमूतील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा शंकू ब्लेडने चिरला, कारण त्यांना तो फाटका आवाज हवा होता. ध्वनिमुद्रण ऐकवणारा स्पीकर निरोप्यासारखा असतो. निरोपात त्याने स्वतःचे काही घालू नये. गिटारचा स्पीकर मात्र सतारीच्या भोपळ्यासारखा वाद्याचाच भाग असतो. भोपळ्याचा प्रतिसाद सपाट असावा अशी मागणी कुणी करत नाही.

पाठीवरचे आकडे

एवढे उमगल्यावर भाचीबरोबर मी पुन्हा निवडीला बसलो. या वेळी आम्ही आकडे एकेक करून वाचले.

पहिला, ओहम. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मध्ये ट्रान्सफॉर्मर सांधा जुळवतो. तिच्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या दोन ईएल-८४ व्हॉल्व्हना सुमारे ८००० ओहम लागतात. गुणोत्तर १००० ला १, म्हणून वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, सुमारे ३२ ला १. आठाच्या जागी सोळा ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हना १६,००० ओहम दिसतील आणि सारे गणित बिघडेल. म्हणून जुन्या स्पीकरइतकेच ओहम घ्यायचे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरशिवाय तर कधीच चालवू नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये विद्युतदाब उसळून त्याचे आवरण फुटू शकते. चार स्पीकरच्या पेटीचे गणित वर्गात देण्याजोगे आहे : सोळा ओहमचे दोन एकसर जोडले की ३२, आणि अशा दोन जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा १६.

दुसरा, वॅट. हा आकडा आवाजाचा नाही. गुंडाळी किती उष्णता सोसेल त्याचा आहे. दिलेल्या शक्तीपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग उष्णताच होतो. शिवाय माथे पूर्ण कापलेली चौकोनी लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर रेटला तर तो तिसाच्या जवळ जाऊ शकतो. तिचा जुना स्पीकर पंधराचाच होता. तो का जळला, हे आता कळले. नवा निदान तीस वॅटचा हवा.

तिसरा, संवेदनक्षमता. जुन्याच्या जवळपासची. तीन डेसिबलने अधिक घेतली तर अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखेच. चौथा, व्यास आणि वजन. खोक्यात बसले पाहिजे आणि खोक्याने पेलले पाहिजे. १९८३-८४ मध्ये जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे पुढे आलेल्या निओडिमियम चुंबकामुळे आज हलके स्पीकरही मिळतात, पण ते महाग असतात.

उरला चुंबकाचा प्रकार. अल्निकोचा आवाज मऊ आणि फेराइटचा कणखर, असे वादक सांगतात. पण दोन स्पीकर एकाच वेळी चुंबकात, कागदात, गुंडाळीत आणि गोंदात वेगळे असतात. मग ऐकू येणारा फरक नेमका कशाचा? एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगाचा पहिला नियम इथे सहसा पाळला जात नाही. आम्ही किंमत पाहून फेराइट घेतले.

ओहम, वॅट, डेसिबल आणि इंच जुळल्यावर दोन स्पीकर शिल्लक राहिले. त्यांतला एक निवडायला माझ्या डॉक्टरेटचा उपयोग नव्हता. मी दुकानात गप्प उभा राहिलो. भाचीने दोन्ही वाजवून पाहिले आणि डोळे मिटून एक निवडला. पुढच्या कार्यक्रमात तिची गिटार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली.

गंमत अशी की, मी आधी घेतलेला सपाट संचही वाया गेला नाही. जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा स्पीकर या दोहोंची नक्कल संगणकीय पद्धतीने करणारी यंत्रे आता मिळतात. शंकूचे सारे उंचवटे आणि कडे त्यात गणिताने घातलेले असतात. अशा यंत्राला सपाट स्पीकरच हवा, नाहीतर गाळणी दोनदा लागेल. त्यामुळे ‘चांगला स्पीकर कोणता?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर नाही.

हा विषय वर्गात न्यायला गिटार लागत नाही. मोडक्या रेडिओतला सुटा काढलेला स्पीकर आणि दीड व्होल्टचा एक सेल पुरे. सेलची टोके क्षणभर टेकवा. शंकू पुढे येईल. टोके उलटी करा, मागे जाईल. मग मीटरने रोध मोजा. पाठीवर आठ ओहम लिहिलेले असताना मीटर सहा-सात का दाखवतो, हे मुलांना विचारा. मीटर एकदिश प्रवाह वापरतो आणि छापलेला आकडा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा आहे, इथपर्यंत ती पोहोचतील. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र वर्गात उघडू नका. बंद केल्यावरही त्यातल्या धारित्रांत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

जळालेली गुंडाळी मी टेबलाच्या खणात ठेवली आहे. विद्यार्थी एखाद्या उपकरणाला ‘सर्वोत्तम’ म्हणाला की ती बाहेर काढतो.